एका इंग्रजी नामाचा उपयोग

तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यांस ‘पुढील नामे वाक्यांत योजून दाखवा’ ही आज्ञा चांगलीच परिचयाची असेल. कोशातून अर्थ काढावा, नामाला कोणते अव्यय जोडावयाचे ते पाठ करावे, आणि एखादे निरुपद्रवी वाक्य रचून गुण पदरात पाडून घ्यावे, असा तो क्रम असे. वाक्यातील मनुष्य कोण, त्याच्याविषयी आपण जे म्हटले ते त्यास पटेल की नाही, हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर कोणी टाकीत नसे. ती टाकावयास हवी होती काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, आणि त्यासाठी एकच नाम घेत आहो. ते नाम ‘डिसइन्क्लिनेशन’.

शब्द मोठा सभ्य आहे. कलणे, झुकणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला. मन एखाद्या गोष्टीकडे न कलणे, इतकाच त्याचा आशय. जेवणानंतर फिरावयास जाण्याचा कंटाळा, सभेत बोलण्याची अनिच्छा, अपरिचित गृहस्थास पत्र लिहिण्याचा संकोच, अशा ठिकाणी तो शोभून दिसतो. मराठीत ‘नाखुषी’ म्हटले असता बहुतेक काम भागते. या शब्दात संताप नाही, हट्ट नाही, आणि मुख्य म्हणजे नकार नाही. नाखूष मनुष्य थोड्या आग्रहाने उठेल, असे तो शब्द योजणाराने मनाशी गृहीत धरलेले असते.

हाच शब्द १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याच्या २४ व्या कलमात आला होता. जमिनीचा मोबदला ठरविताना न्यायालयाने कोणत्या गोष्टी मुळीच विचारात घेऊ नयेत, त्यांची यादी त्या कलमात होती. पहिली गोष्ट, जमीन घेण्याची निकड. आणि दुसरी, जमीन सोडण्याविषयी हितसंबंधी मनुष्याची ‘डिसइन्क्लिनेशन’. हे ‘हितसंबंधी’ प्रकरणही पाहण्यासारखे आहे. मोबदल्यात ज्यांचा हक्क पोहोचतो ते हितसंबंधी, असा त्या कायद्याच्या व्याख्येचा रोख होता. ज्यास मोबदलाच नको, त्याने या व्याख्येत कोठे उभे राहावयाचे, ते आम्हांस अजून उमगलेले नाही.

हे वाक्य रचणारा भाषेत कच्चा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेच वाक्य मुळशी पेट्यात नेऊन ठेवले म्हणजे काय होते ते पाहावे. पुण्याच्या पश्चिमेस, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे, अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्यास सोडावयाचे, आणि तेथे उत्पन्न होणारी वीज मुंबईस न्यावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. जे खोरे त्यासाठी पाण्याखाली जावयाचे होते, त्यात पन्नासच्या आसपास गावे होती आणि आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे होती. सरकारने कंपनीकरिता हा कायदा लावला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रहास प्रारंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा होती.

आता शाळेच्या रीतीने वाक्य करावे: ‘मुळशीच्या मावळ्याने आपली जमीन सोडण्याविषयी नाखुषी दर्शविली.’ परीक्षक यास पूर्ण गुण देईल. नाम जागेवर आहे, विभक्ती बिनचूक आहे. आणि तरीही हे वाक्य खोटे आहे. जो आपला जीव आणि आपली जमीन एकाच तागडीत घालतो, त्याचे मन कोणीकडे कलते हा प्रश्नच उरत नाही. त्याने ‘देत नाही’ असे सांगितले. ‘देत नाही’ हे क्रियापद आहे. त्यास कर्ता आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्याचे ‘डिसइन्क्लिनेशन’ हे भाववाचक नाम केले की कर्ता नाहीसा होतो, मनाची एक अवस्था तेवढी शिल्लक राहते, आणि अवस्थेकडे दुर्लक्ष करावयास न्यायालयास संकोच वाटत नाही.

पण आम्ही येथे थांबलो तर दुसऱ्या बाजूवर अन्याय होईल. कायदा रचणाराच्या पदरी एक सबळ कारण होते. नाखुषीस किंमत द्यावयाची असे एकदा ठरले की जो अधिक रडेल त्यास अधिक पैसे मिळणार, आणि मुकाट सोसणारा मागे राहणार. न्यायाधीशाने कोणाचे अश्रू किती खरे हे मोजू नये, बाजारभाव मोजावा, ही शिस्त एका अर्थाने दुबळ्यांच्याच हिताची आहे. शिवाय मुळशीत सर्वांची स्थिती सारखी नव्हती. पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांचाही विरोध होता. पण त्यांच्यातील कित्येकांचा विरोध पुढे मोबदल्याच्या वाटाघाटीकडे वळला, आणि सत्याग्रहाचे बळ खचण्यास तेही एक कारण झाले. अशा सावकारासंबंधी ‘डिसइन्क्लिनेशन’ हा शब्द तंतोतंत बरोबर आहे! ज्याने जमिनीत पैसा गुंतविला, त्याचे मन योग्य आकडा पाहून खरोखरच कलते. एकाच खोऱ्यात, एकाच खाचराविषयी, एकच नाम मालकाच्या बाबतीत अचूक आणि कसणाराच्या बाबतीत चुकीचे ठरते; आणि व्याकरणास त्या दोन वाक्यांत भेद म्हणून दिसत नाही. हे कबूल करताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, कारण असली मासिके वाचणारे आणि त्यांत लिहिणारे आपण बहुधा त्या सावकारांच्याच आळीतले.

कायदा करणारासही हा शब्द अपुरा वाटला असावा. कारण लगतच्याच २३ व्या कलमात, संपादन सक्तीचे आहे हे लक्षात घेऊन बाजारभावावर शेकडा १५ अधिक द्यावे, अशी तरतूद होती. म्हणजे नाखुषी एका दाराने बाहेर घालविली आणि दुसऱ्या दाराने सर्वांना सारख्या दराने आत घेतली. १९८४ साली हा दर शेकडा ३० झाला. २०१३ च्या नव्या कायद्याने तो शेकडा १०० केला, आणि तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात येऊन जुना रद्द झाला. या रकमेस इंग्रजीत ‘सोलेशियम’ असे आणखी एक भारदस्त नाम आहे. दिलासा, सांत्वन हा त्याचा मूळ अर्थ. सांत्वन शोक करणाराचे करतात. तेव्हा एका कलमाने ज्याकडे पाहू नये म्हटले, त्याचेच दुसरे कलम शेकडेवारीने समाधान करीत होते.

आमचा आक्षेप २४ व्या कलमावर, ते किमतीचे कलम आहे तोवर, नाही. आक्षेप असा की १९२१ साली त्या कायद्यात शेतकऱ्याच्या नकारास जागा असणारे दुसरे वाक्य नव्हते. मोजणी चुकली, दर कमी धरला, वाटणी चुकली, यांविषयी त्याने बोलावे; जमीन घेऊच नका असे म्हणण्याचे कलम, म्हणजे ५-अ, १९२३ साली घातले गेले, आणि तेही हरकत ऐकून घेण्यापुरते. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची पूर्वसंमती हवी, हे २०१३ साली आले. नकारास स्वतःचे नाम मिळण्यास इतका काळ लागला.

पांडुरंग महादेव बापट एडिंबरोस शिकून आलेले होते. असल्या नामांचा उपयोग त्यांस कोणी शिकवावयास नको होता. मुळशीनेच त्यांस ‘सेनापती’ ही पदवी दिली. वारंवार तुरुंगात जाऊन आल्यावर १९२४ च्या अखेरीस आगगाडी अडविण्याच्या कृत्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तोवर धरणाचे काम पुष्कळ पुढे गेले होते, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, घरे उजळली. सार्वजनिक उपयोग म्हणून जो सांगितला होता तो खोटा नव्हता. म्हणून तर शब्दाची गोष्ट अधिक टोचते. उपयोग खरा असताना नकारास नकार म्हणण्यात कोणाचे काय बिघडणार होते?

इंग्रजीस नावे ठेवून आपली सुटका नाही. धरणाने घालविलेल्या माणसास आपण मराठीत ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्याच शेजारी तो शब्द बसविलेला आहे. पूर कोणी ठरवून आणीत नाही, दुष्काळाच्या कागदावर कोणाची सही नसते. शाळेत पोराने ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द वाक्यात योजून दाखविला, तर आपण अजूनही निःशंकपणे त्यापुढे बरोबरची खूण करतो.