नमाजला कबर लागत नाही, हक्काला तारीख लागते

कबर साधी असावी, असे आपण मानतो. कच्ची माती, फार तर उशाशी एक दगड. शहरातल्या कबरस्तानांत काही वर्षांनी त्याच जागी दुसरी मय्यत दफन होते आणि कुणी तक्रार करत नाही. मातीत सगळे सारखे, हा त्यामागचा विचार थोर आहे. पण त्याच विचाराच्या आडोशाने आपण एक कर्तव्य टाळतो. कोण, कधी, कुठे वारला हे लिहून ठेवत नाही. अल्लाहला सारे ठाऊक आहे, मग कागद कशाला, असे म्हणतो. कागद अल्लाहसाठी नसतो, मागे राहिलेल्यांसाठी असतो.

कोकणातल्या कितीतरी घरांत बोटीवर गेलेला आणि परत न आलेला एखादा पणजोबा असतो. त्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि 'रामदास बोट बुडाली, त्याच्या आदल्या रमजानात खबर आली' असे एखादे वाक्य, एवढेच उरलेले असते. हेही थोडे नाही. रामदास १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि त्या वर्षीचा रमजान त्यानंतर लागला. म्हणजे आदला रमजान १९४६ च्या ऑगस्टमधला, आणि मृत्यू त्याहूनही आधीचा. आता शोधाला मुदत मिळाली. इंग्रजी दप्तरात एकच 'मोहम्मद' अनेक तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. म्हणून नावापेक्षा बापाचे नाव, गाव आणि जहाज यांवर भर द्यावा. गावाकडे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रातच विलीन झालेल्या खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्यातले सुमारे साडेसहा हजार खलाशी व नौसैनिक तिथे स्मरले जातात.

पण सगळ्यांची नावे लिहिली गेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केले, की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांचे नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. ते बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले होते. भारतीयांसह आणखी हजारोंना गोऱ्यांच्या बरोबरीचा मान मिळाला नाही. याच साम्राज्यात मुंबई इलाख्याच्या चर्चमधील दफनांच्या नकला नेमाने लंडनला जात होत्या. आपली निनावी कबर समतेतून येते. ही निनावी वही विषमतेतून आली. दोन्हींना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

या विषमतेची किंमत कोण देते? बेपत्ता माणसाची बायको ना सधवा, ना विधवा. तिची इद्दत कोणत्या दिवसापासून मोजायची? १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने, चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर तिला फारकत मागण्याची वाट दिली. मुलांचा प्रश्न याहून बिकट. मुलगा बापाआधी वारला आणि त्याचे भाऊ हयात असतील, तर त्याच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वारसाहक्क मिळत नाही. तो बापानंतर वारला असेल, तर त्याचा हिस्सा त्यांच्याकडे येतो. यतिमांचा घास एका तारखेवर अवलंबून असतो.

मात्र शोधणाऱ्यावरही एक बंधन आहे. नाव जुळले, गाव जुळले नाही, तरी 'हाच आपला' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण ती नोंद दुसऱ्या कुणाच्या पणजोबाची असू शकते. हाती काहीच लागले नाही, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करावे. मगफिरतीची दुआ त्यावाचून अडत नाही. हबशांचा राजा नज्जाशी दूर देशी वारला, तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढली. शाफई मत मानणाऱ्या आपल्या कोकणी मुसलमानांत आजही गायबाना नमाज पढली जाते.

नमाजला कबर लागत नाही. हक्काला मात्र तारीख लागते. सरकारी दाखला काढावाच, पण प्रत्येक जमातीने आपल्या कबरस्तानाची वहीही ठेवावी. तिच्यात नाव, बापाचे नाव, गाव आणि हिजरी व इसवी अशा दोन्ही तारखा असाव्यात. बाईची मय्यत असेल तर 'अमक्याची बायको' एवढ्यावर न थांबता तिचे स्वतःचे नाव लिहावे. कबरीवर ते कोरले नाही तरी चालेल. वहीत ते असायलाच हवे.