थापटणे

अहंकाराने मनुष्य उन्मत्त होतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यापूर्वी तो मनुष्याची दृष्टी बदलतो, हे सहसा ध्यानी येत नाही. संतश्रेष्ठ नामदेव महाराज (१२७०–१३५०) यांच्या चरित्रातील प्रसंग या दृष्टीने मननीय आहे.

परंपरा सांगते की, एकदा संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाका कुंभारांनी मडकी पारखण्याचे थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर मारून पाहिले. सर्वांनी ते शांतपणे सोसले; नामदेव मात्र रागावले. थापटणे एकच, आघातही एकच. परंतु इतरांना त्यात परीक्षा दिसली, नामदेवांना अपमान. साक्षात पांडुरंग आपल्याशी बोलतो, या भाग्याचाच अभिमान त्यांच्या मनी दडला होता. गोरोबाकाकांनी निवाडा दिला : हे मडके कच्चे आहे.

पुढे पांडुरंगाच्या आज्ञेने नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी दोष देताच, जेथे देव नसेल तेथे हे पाय ठेवावेत, असे त्यांनी सांगितले. पाय जेथे न्यावेत तेथे पिंडी! देव सर्वत्र होताच. ‘देव माझा’ या भावनेमुळे तो एका ठिकाणीच दिसत होता.

या संतांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट आहेत. एवढ्या योग्यतेच्या या भक्ताने अखेरीस मागितले काय, तर पंढरपूरच्या महाद्वारी पायरीची जागा, संतांची चरणधूळ मस्तकी पडावी म्हणून!

दर्शनरांगेत कोणी पुढे घुसला, की गाभाऱ्यात पोहोचल्यावरही मन त्याच्यावरच रुष्ट असते आणि मूर्ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दात्याचे नाव शिळेवर कोरले जाते ते कृतज्ञतेपोटी. परंतु पुन्हा दर्शनास आल्यावर नेत्र प्रथम श्रींकडे वळतात की त्या शिळेकडे, हे ज्याचे त्याने पाहावे. अशा वेळी मनाला लागणारा धक्का म्हणजेच गोरोबाकाकांचे थापटणे होय. राग येण्याआधी, आपले मडके कोठे कच्चे राहिले, हे भाविकाने तपासावे.

नामदेवांनी चरणांचा स्पर्श मागितला. वारकरी आजही त्या पायरीवर पाय न देता मस्तक टेकवितात. अशी निर्मळ दृष्टी सर्व भाविकांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.