चाकाखालचा दगड

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको नवा ट्रेलर घेऊन पहिल्यांदा बाहेर पडलो. गाडीच्या मागे हुकाला अडकवायचा, दोन माणसं झोपतील एवढा, आत गॅसची शेगडी, साठ लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनेल. दोन वर्षं पैसे साठवून एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेला. पहिली ट्रिप लांब नको, काही बिघडलं तर मदत जवळ असावी, म्हणून माझ्या आजोबांच्या गावाकडे, केमला जायचं ठरवलं.

केम करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर आहे. कुंकवासाठी हे गाव प्रसिद्ध. घरात कुणी 'केम' म्हटलं की मला आधी लाल बोटं आठवतात. आमचं जुनं घर तिथे अजून आहे. पण घरात झोपायचं तर ट्रेलर कशाला घेतला, असं म्हणून आम्ही केमच्या अलीकडच्या एका गावाच्या गायरानात थांबलो. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं.

गायरान म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन. आम्ही कुणाची परवानगी काढली नाही. खरं सांगायचं तर तसं मनातही आलं नाही.

तिथे आधीच दोन पालं होती. बांबूच्या काठ्यांवर निळी ताडपत्री, एक जुनी मोटारसायकल, दोन गाढवं. पाटे-वरवंटे विकणारं, जुन्या पाट्यांना टाकी लावून देणारं कुटुंब होतं. आम्ही त्यांच्यापासून शंभरेक फुटांवर ट्रेलर लावला. तो एका बाजूला कलत होता. मी मोबाईलवर लेव्हल बघण्याचं ॲप उघडून चाकाखाली माती सरकवत बसलो. पालातला माणूस थोडा वेळ बघत राहिला, मग उठून एक चपटा दगड घेऊन आला. छिन्नीचे दोन-चार घाव घालून त्यानं तो चाकाखाली असा बसवला की ॲपमधला बुडबुडा बरोबर मध्ये आला. मी पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "दगडाचं काय घ्यायचं?"

त्याची आई असावी, ती ट्रेलरच्या दारातून आत डोकावली. गादी, शेगडी, बेसिन बघून तिनं विचारलं, "दादा, तुमाला घर न्हाई का?"

"आहे की मावशी. पुण्याला आहे, इथे केमलाही आहे."

"मग भाईर का झोपताय? नवस केलाय का?"

आम्ही हसलो, तीही हसली. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री आठच्या सुमाराला दोघं जण मोटारसायकलवर आले. त्यातले एक वडिलांच्या ओळखीचे निघाले. त्यांना मी तात्या म्हणतो. "अरे, तू अमक्याचा नातू का? इथं कशाला माळावर? चला घरी, भाकरी टाकायला सांगतो." आम्ही नको म्हटलं तर बसले, आमच्या शेगडीवरचा चहा घेतला, ट्रेलर किती किलोचा, किती खर्च आला, सगळं कौतुकानं विचारलं. जाताना पालांसमोर गाडी थांबवून, खाली न उतरता, म्हणाले, "परवा सांगितलं होतं ना? उद्या सकाळी हलवायचं हे सगळं."

आवाज मोठा नव्हता. शिवी नव्हती. मी दारात उभा होतो आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी काहीच बोललो नाही.

पहाटे ती माणसं पालं सोडत होती. आम्ही त्यांना दोन कॅन पाणी भरून दिलं. मी दगड काढून परत द्यायला लागलो तर तो म्हणाला, "राहू द्या, तुमाला लागंल." दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. आम्हाला कुणी हलवलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकच फंक्शन, एकच इनपुट, पण आउटपुट दोन वेगळी आली, तर आम्ही एकच निष्कर्ष काढतो: आपल्याला न दिसलेलं आणखी एक इनपुट कुठेतरी आहे. इथे जमीन तीच, रात्र तीच, परवानगी दोघांकडेही नाही. तरी एकाला चहाच्या गप्पा आणि दुसऱ्याला हुकूम. मग न दिसलेलं इनपुट कोणतं?

पैसा, असं पटकन म्हणता येईल. पण ते पूर्ण उत्तर नाही. याच तालुक्यातून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. तेव्हा वारकरी राहुट्या ठोकतात, त्यांच्यातले कित्येक गरीब असतात, आणि गावं त्यांना जेवू घालतात. मेंढ्यांचा कळप घेऊन धनगर येतात, तर शेतकरी स्वतः बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, कारण खत मिळतं. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, त्यांनाही जागा मिळते, कारण ऊस कारखान्याला जायचा असतो. म्हणजे बाहेरच्या माणसाला आपण थांबू देतो, पण त्यासाठी त्याच्याकडून पुण्य, खत किंवा श्रम असं काहीतरी मिळावं लागतं. पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरनं घेतली. त्या कुटुंबाकडे गावाला हवं असं काही उरलं नव्हतं.

पण मग माझ्याकडे तरी काय होतं? मी गावाला खतही देत नव्हतो आणि पुण्यही.

पुण्याला परतल्यावर मी तात्यांना फोन करून विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मागं दोनदा मोटारी चोरीला गेल्या विहिरीवरच्या. कुणी नेल्या माहीत नाही. पण असली माणसं गेली की कुठं शोधायची? तुझं तसं नाही. तुझा पत्ता मला माहिती आहे."

ही गोष्ट मला फेटाळता आली नाही. पत्ता असलेल्या माणसाला जाब विचारता येतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं असतं. तात्या दुष्ट नाहीत, त्यांचं तर्कशास्त्र समजण्यासारखं आहे. अडचण पुढे आहे. पत्ता नाही म्हणून थांबू द्यायचं नाही, आणि थांबू दिलं नाही म्हणून पत्ता कधी तयार होत नाही. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकून राहतात. दोघींचीही चूक नसते, पण काम कायमचं थांबतं.

आणि हा डेडलॉक आपोआप तयार झालेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ब्रिटिश सरकारनं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूर शहरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलेली सेटलमेंट होती, आणि त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही माणसं 'विमुक्त' झाली. कुंपण गेलं, पण 'असली माणसं' हा शब्दप्रयोग राहिला. आज महाराष्ट्रात भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासूनचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना कायदाच भटके म्हणतो, त्यांनी आपले आजोबा कुठे राहत होते याचा कागद आणायचा. याउलट, हौसेनं घर घेऊन फिरणाऱ्यांसाठी राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. थांबायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. धोरण चांगलंच आहे, माझ्या उपयोगाचं आहे. पण मावशीच्या प्रश्नापुढे ते ठेवून बघा.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक साधा मुद्दा मांडला. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं एकमेकांपासून अनंत लांब पांगू शकत नाहीत. म्हणून परक्या माणसाला, तो शांतपणे वागत असेल तोवर, शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क आहे. पाहुणा म्हणून घरात घ्या, असं कांट म्हणत नाही. हा फक्त येण्याचा हक्क आहे. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की हा हक्क उपयोगी असण्यावर अवलंबून नाही. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर, घरापासून अंतर राखून, एखादी रात्र तंबू ठोकायची मुभा परंपरेनंच आहे. माणसाला रात्री कुठेतरी पाठ टेकावी लागते, एवढं कारण तिथे पुरतं.

तुम्ही म्हणाल, एक रात्र वेगळी आणि कायमचा मुक्काम वेगळा. बरोबर आहे. गायरानावर कुणीही कायमचं बसावं असं मीही म्हणत नाही. किती दिवस, कुठे, कचरा कुणी उचलायचा, हे नियम हवेतच. पण मग ते ट्रेलरलाही लागू हवेत आणि पालालाही. मला कुणी 'किती दिवस?' एवढंही विचारलं नाही.

आता माझ्या गप्प बसण्याबद्दल. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी इथला पाहुणा, गावाच्या कारभारात कसं बोलू? ही पळवाट होती. चहा घेताना मी गावचाच होतो, आणि बोलायची वेळ आल्यावर पाहुणा झालो.

डेडलॉक सुटतो कसा? दोघांपैकी एकाला वाट बघणं सोडून आधी पुढे यावं लागतं. कुणी? माझ्या मते, ज्याचं कमी बिघडणार आहे त्यानं. त्या रात्री त्या जागेवर तो मीच होतो. मी त्या कुटुंबाला चार तासच ओळखत होतो, त्यांची हमी घेणं खोटेपणा ठरला असता. पण एक वाक्य खरं होतं आणि माझ्याजवळ होतं: "तात्या, आज आम्ही शेजारी आहोत. हलायचं तर मीही हलतो." तात्यांनी ऐकलं असतं की नाही, ते वेगळं. मी ते म्हटलं नाही.

तो दगड ट्रेलरच्या टूलबॉक्समध्ये आहे. त्यानंतर आम्ही तीनदा बाहेर गेलो. दर वेळी चाकाखाली तोच लावतो, आणि आता थांबण्याआधी आजूबाजूला आणखी कोण थांबलंय ते बघतो.