सावड

सुप्याजवळच्या एका गावात एक तरुण राहत होता. दिवसा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी करायचा आणि रात्री नाटक लिहायचा. नाटकाचा विषय त्याला घरातच सापडला होता. त्याचे आजोबा पारनेर तालुक्यातल्या असंख्य माणसांसारखे मुंबईला गिरणीत गेले होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, तो काही मिटला नाही, आणि आजोबा एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. पुढे शेवटपर्यंत ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे. भोंगा कुठेच वाजत नव्हता, तरी उठायचे. नातवाने त्यांच्यावरच दोन अंकी नाटक लिहिलं.

गावात कलाकारांना तोटा नव्हता. दूध संकलन केंद्रावरचा मुलगा होता, प्राथमिक शाळेचे गुरुजी होते, अंगणवाडीच्या ताई होत्या, ट्रॅक्टर चालवणारे दोघे भाऊ होते. दरवर्षी यात्रेला ही मंडळी नाटक करायची. सगळं गाव पटांगणात मांडी घालून बसायचं, हसायचं, डोळे पुसायचं, बक्षिसाच्या नोटा स्टेजवर पाठवायचं. या वेळी त्यांनी ठरवलं, नगरला जायचं. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरायचं.

ही स्पर्धा १९५४ पासूनची. शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. दिवाळीनंतर केंद्राकेंद्रांवर प्राथमिक फेरी होते, आणि नगर हे त्यातलं जुनं, मानाचं केंद्र. सदाशिव अमरापूरकर हिंदी सिनेमात जाण्याआधी नगरच्याच रंगमंचावर घडले. मधुकर तोरडमल सर इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि नाटकं करायचे. ही नावं मंडळींनी ऐकलेली होती. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे गेली, प्रमाणपत्र आलं, प्रवेशिका भरली. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात रात्री दहानंतर तालीम सुरू झाली.

सावेडीतल्या माऊली सभागृहात रोज संध्याकाळी एक नाटक असं वेळापत्रक लागलं. यांचा नंबर बराच पुढे होता. आधीची नाटकं बघायला जाऊ या, असं गुरुजी एकदा म्हणाले. तरुण म्हणाला, "आपल्याच तालमीला वेळ पुरेना. दुसऱ्यांचं कशाला बघायचं? उगाच त्यांची छाप पडायची." विषय तिथेच संपला.

प्रयोगाच्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो भरून नेपथ्य नगरला आलं. नारळ फुटला. रंगदेवतेला हात जोडले. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

समोर खुर्च्याच खुर्च्या होत्या. मधल्या रांगेत तीन परीक्षक कागद घेऊन बसले होते. एका बाजूला गावाहून आलेली दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती. मागे कुठे एखादं डोकं दिसत होतं. तिकीट दहा-पंधरा रुपयांचं, तेही फारसं कुणी काढलं नव्हतं. यात्रेत जशा वाक्याला पटांगण हसायचं, तसं वाक्य इथे पहिल्या रांगेपर्यंत गेलं आणि तिथेच विरलं. दूधवाल्या मुलाचा आवाज उतरला. दुसऱ्या अंकात दोघे भाऊ एकमेकांची वाक्यं खाऊ लागले. अंगणवाडीच्या ताई तेवढ्या शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. नवऱ्याची ट्रंक उघडून त्या आतले कपडे एकेक करून घडी घालत होत्या. त्या प्रवेशाला मागच्या अंधारातून एकट्याच्या टाळ्या आल्या.

प्रयोग संपल्यावर टाळ्या वाजवणारा माणूस आत आला. वय झालेलं, खांद्याला कापडी पिशवी. नगरच्या कापड बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, आता ते मुलगा बघत होता. स्पर्धेतलं प्रत्येक नाटक तो बघायचा, हे नंतर कळलं.

"ताईंचं काम फार चांगलं झालं," तो म्हणाला. मग तरुणाच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या कामगाराच्या पायजम्याला इस्त्री होती. पाळी करून आलेला माणूस तसा नसतो. माझा थोरला भाऊ परळला गिरणीत होता. सुट्टीवर घरी आला तरी त्याच्या शिवणीतून कापसाचे तंतू निघायचे. मी त्याचे कपडे उसवून परत शिवायचो, म्हणून मला माहीत."

तरुणाला राग आला. एवढा मोठा हॉल रिकामा, आणि जो एक माणूस आला त्याला पायजमा दिसला. त्याने मान हलवली आणि पडदे गुंडाळायला घेतले. रात्री परत येताना टेम्पोत कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी कांद्याची लागण होती. मजूर मिळत नव्हते, म्हणून आईने सावड घातली होती. पाच-सहा घरांतल्या बाया आल्या होत्या. आज यांच्या रानात, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या, असा फेरा ठरलेला. वाफ्यात पाणी सोडलं होतं. बाया ओळीने वाकून डाव्या हातात रोपाची जुडी धरत होत्या आणि उजव्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबत पुढे सरकत होत्या. तरुण बांधावर जुड्या पोचवत होता. तोंड उतरलेलंच होतं.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रं, नाटक कसं झालं?"

"कसलं काय, काकू. हॉल रिकामा. नगरला माणसं नाटकाला येतच नाहीत. आपण मरमर मरायचं आणि बघायला कुत्रंसुद्धा नाही."

"अन् बाकीची नाटकं? ती कोण करतं?"

"आपल्यासारखीच मंडळी. कुणी शेवगावची, कुणी श्रीरामपूरची, काही नगरची. पंधरा दिवस रोज एक चालूच आहे."

"मग त्यांच्या नाटकाला तू गेला होतास का?"

तो काहीच बोलला नाही. काकूंना उत्तराची घाईही नव्हती. त्यांनी सहज विचारलं होतं. हातातली जुडी संपली होती, त्यांनी दुसरी मागितली. त्याने ती दिली आणि बराच वेळ तो बांधावर उभा राहिला. समोरच्या वाफ्यातल्या एकाही बाईचं स्वतःचं रान ते नव्हतं. सगळ्या दुपारपर्यंत वाकलेल्या होत्या, आणि उद्या त्याची आई त्यांच्यातल्या एकीच्या रानात तशीच वाकणार होती.

त्या संध्याकाळी पाळी नव्हती. तो एकटाच एसटीने नगरला गेला आणि तिकीट काढून आत बसला.

नाटक बेताचं होतं. पण त्यातल्या एका मुलीने फोनवर ऐकत असल्याचा प्रसंग असा केला, की पलीकडचा माणूस न दिसता दिसला. दुसऱ्या दिवशी त्याने ताईंना आणि गुरुजींना बरोबर नेलं. तिसऱ्या दिवशी दोघे भाऊही आले. कुणाची प्रकाशयोजना पाहण्यासारखी होती, कुणाचं नेपथ्य. एका नाटकात तर काहीच धड नव्हतं, पण करणारी माणसं जीव तोडून करत होती. त्या दिवशी यांनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसून दाद दिली. शेवगावच्या मंडळींचा टेम्पो उशिरा पोचला. स्पर्धेत पडदा वेळेवर उघडावा लागतो, आणि उतरवायला माणसं कमी. भावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फळ्या आत नेल्या. कापड बाजारातले काका रोज मागच्या रांगेत असायचे. तरुण आता त्यांच्या शेजारी बसू लागला. काका वेशभूषेबद्दल बोलायचे आणि तो ऐकायचा.

निकाल लागला. यांच्या नाटकाला क्रमांक मिळाला नाही. ताईंना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी अंगणवाडीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावलं.

वर्ष गेलं. तरुणाने नवं नाटक लिहिलं नाही. जुनंच पुन्हा उघडलं, काही पानं फाडली, काही नवी घातली आणि गावच्या यात्रेत ते केलं. कामगाराचा पोशाख काकांनी स्वतः शिवून दिला. जाड कापडाचा, गुडघ्यावर झिजलेला, शिवणीत कापूस भरलेला. दूधवाला मुलगा तो घालून उभा राहिला तेव्हा तरुणाची आजी समोर बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

पुढच्या हंगामासाठी मात्र त्याने नवी संहिता केली. स्पर्धा सुरू झाली तशी ही मंडळी आपला नंबर येण्याआधीच सभागृहात दिसू लागली. कुणाला पाळी असेल तर दुसरा जायचा. रोज गावातलं निदान एक माणूस खुर्चीत असायचंच.

त्यांच्या प्रयोगाच्या दिवशी पडदा वर गेला तेव्हा सभागृह भरलेलं नव्हतं. नगरमध्ये ते सहसा भरतही नाही. पण डावीकडे दोन रांगांत शेवगावची मंडळी होती. श्रीरामपूरचे चौघे कामावरून थेट आलेले, पाठीला पिशव्या तशाच. फोनचा प्रसंग करणारी मुलगी मैत्रिणींना घेऊन आली होती. काका मागे होते. पहिल्या हशाच्या जागी हशा आला, आणि दूधवाल्या मुलाचा आवाज त्या क्षणी मोकळा झाला.

स्पर्धेच्या नियमांत बरंच काही लिहिलेलं असतं. पडदा कधी उघडावा, गुण कशाला द्यावेत, खर्चाचा परतावा कसा मिळेल. समोर कोणी बसावं याचा नियम नाही, आणि तो करताही येणार नाही. मला वाटतं, हौशी नाटक आजवर टिकलं ते याच न लिहिलेल्या फेऱ्यामुळे. ज्यांची नावं पुढे मोठी झाली, त्यांच्याही सुरुवातीच्या दिवसांत समोरच्या खुर्चीत कुणीतरी दुसरं नाटक करणारं माणूस असणारच. आपल्याला कुणी बघत नाही, ही तक्रार गावोगावच्या कलाकारांकडून मी फार ऐकली आहे आणि ती खरी आहे. पण ती करणाऱ्याने आपली संध्याकाळ किती जणांना दिली, हेही त्याच दमात विचारलं पाहिजे.

प्रयोग संपला. पडदे गुंडाळताना शेवगावचे दिग्दर्शक आत आले. त्यांनी ताईंना नमस्कार केला, तरुणाला मिठी मारली आणि जाता जाता म्हणाले, "आमचं शुक्रवारी आहे. नेपथ्य या वेळी जरा जड झालंय."

"चारला पोचतो," तरुण म्हणाला. "छोटा हत्ती पण आणतो, आमचा रिकामाच आहे."

मोठ्या भावाने लगेच विचारलं, "फळ्या किती आहेत, सर?"