नर्मदेची कवटी आणि चार लाख मनुष्ययोनी

काळाचौकीत हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा हमखास येतो. बुवा हात वर करतात, मृदंग थांबतो आणि नरदेह किती दुर्लभ ते ऐकताना म्हातारे गिरणी कामगार माना डोलावतात. पण मनुष्ययोनी सुरू कुठून झाली, हे कुणी विचारत नाही.

नर्मदेने तो प्रश्न विचारला आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातल्या हथनोरा गावाजवळ, दगडगोट्यांच्या थरात, कवटीचा वरचा भाग सापडला. हाड जाड, भुवयांवर ठसठशीत उंचवटा. जबडा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीची ठरवले. १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मापे घेतली. मेंदूची जागा ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर भरली, म्हणजे आजच्या माणसाइतकीच. मग ती पुरातन सेपियन्स झाली. पुढे काहींनी तिला होमो हायडेलबर्गेन्सिस या आणखी एका प्राचीन मानवजातीच्या घरात नेले. एका कवटीची तीन बारशी!

श्रद्धावानाने यात बिचकण्यासारखे काही नाही. चौऱ्यांशी लक्षांच्या प्रचलित हिशोबात जलचर ९ लाख, स्थावर २०, कृमी ११, पक्षी १०, पशू ३० आणि मनुष्य ४ लाख. माणूस एकाच साच्याचा, असे परंपराही म्हणत नाही. अर्थात म्हणून पुराणांत उत्क्रांती शोधायला जाऊ नये. तो उत्साह दोन्हीकडचा अपमान करतो.

खरी अडचण वेगळीच आहे. कीर्तनकाराचा नरदेह मोलाचा ठरतो तो विवेकामुळे, नामामुळे. हाडात ते उमटत नाही. कवटीवरून माणसाची प्रत ठरवण्याचा हट्ट कुठे नेतो, हे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी जवळून पाहिले. १९२० च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये वंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. कर्वे यांना तो दिसला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले.

नर्मदेच्या कवटीबाबतही असाच सरळपणा २००७ मध्ये मानवशास्त्रज्ञ शीला अत्रेय यांनी दाखवला. आकडेमोड करून त्यांनी हायडेलबर्गेन्सिसचा दावा तपासला, तो पुरेसा टिकला नाही, आणि त्यांनी नोंद सुचवली: होमो, जाती अनिश्चित.