परोपकारातील ‘पर’

परोपकार या शब्दाच्या आरंभीच ‘पर’ उभा आहे. ज्याच्यावर उपकार करावयाचा तो आपल्याहून निराळा, आपल्या वर्तुळाबाहेरचा, हे या शब्दाने गृहीतच धरले आहे. गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ब्रीदाचा आशय ‘मी नव्हे, तुम्ही’ असा आहे. त्यात ‘मी’ नम्र होतो. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर मात्र तसेच राहते. ज्या घरांसाठी सेवा करावयाची, त्याच घरांतील मुले विद्यार्थ्यांच्या सेवामंडळांत विरळा का दिसतात, हा प्रश्न म्हणूनच नीतीचा ठरतो.

पहिले कारण वेळेचे. योजनेच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते. बंगळूरसारख्या अफाट विस्तारलेल्या नगरात वसतिगृहात राहणारा विद्यार्थी हे तास फुरसतीतून काढतो. शहराच्या कडेच्या वस्तीतून बस बदलत येणारा आणि वर्ग सुटताच दुकानात कामाला जाणारा विद्यार्थी ते मजुरीतून कापून देतो. कागदावर दोघांचे दान सारखे दिसते. त्याची किंमत सारखी नसते.

मग त्याला या कर्तव्यातून सूट द्यावी काय? सूट दयाळू वाटते. तथापि तिच्यात सूक्ष्म अवमान आहे. ज्याला केवळ घेताच येते असे आपण मानतो, त्याचे माणूसपण आपण अर्धेच मान्य केलेले असते.

बंगळूरच्याच नॅशनल लॉ स्कूलचे माजी विद्यार्थी शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम आरंभिला. वंचितांच्या मुलांना विधी महाविद्यालयांत आणावे, आणि इंग्रजीतील प्रवेशपरीक्षेची त्यांची तयारी विधीच्या विद्यार्थ्यांनी करून घ्यावी, हा त्यामागील विचार. बशीर २०१९ मध्ये निवर्तले. बाहेरच्याला आत घेण्याचा त्यांचा विचार मागे राहिला.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे सहभाग मिळाला, असे होत नाही. आत आलेल्याला स्वतःच्या दैन्याचा साक्षीदार म्हणून व्यासपीठावर उभे केले, तर ‘पर’ आत येऊनही परच राहतो. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात उघडलेल्या वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहत, राबत आणि शिकत. श्रम सर्वांचेच असल्यामुळे दाता कोण आणि याचक कोण, हे तेथे वेगळे काढणे कठीण होते.

सेवामंडळांनी प्रवासखर्च द्यावा, बुडालेल्या मजुरीची भरपाई करावी, हे न्याय्यच आहे. कोणते कार्य हाती घ्यावे हे ठरविताना या विद्यार्थ्याचे मत निर्णायक मानावे, हे त्याहून अवघड आहे. कारण पहिल्यात पैसा सोडावा लागतो, दुसऱ्यात उपकारकर्त्याचे आसन.