आनंद कॉलेज: स्वाभिमानाची शाळा

कोलंबोतला पेट्टा हा बंदराजवळचा गजबजलेला बाजार. तिथल्या मालिबन रस्त्यावरच्या एका घरात १ नोव्हेंबर १८८६ रोजी ३७ विद्यार्थ्यांची एक इंग्रजी शाळा सुरू झाली. समारंभाला अध्यक्ष म्हणून हिक्कडुवे सुमंगल महाथेर होते. गोव्याच्या सांखवाळहून निघालेले धर्मानंद कोसंबी पुढे १९०२ मध्ये ज्यांच्या विद्योदय परिवेणात पाली शिकायला गेले, तेच हे सुमंगल. शाळेचे पहिले मुख्याध्यापक चार्ल्स लेडबीटर हे थिऑसॉफिस्ट झालेले अँग्लिकन पाद्री होते. या शाळेचं पुढे आनंद कॉलेज झालं. नावात कॉलेज असलं तरी ती मुलांची शाळाच आहे, पहिलीपासूनची.

शाळेची गरज का पडली, हे समजायला एकोणिसाव्या शतकातलं सिलोन डोळ्यांसमोर आणावं लागतं. सरकारी नोकरीची वाट इंग्रजीतून जात होती आणि इंग्रजी शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या हातात होत्या. सरकारी अनुदानाचा मोठा वाटाही त्यांनाच मिळे. मुलगा शिकवायचा तर त्याला रोज ख्रिस्ती प्रार्थनेला उभं करायचं, आणि घरचा धर्म अडाण्यांचा असतो हे त्याच्या मनात रुजताना बघत राहायचं. हजारो बौद्ध आईबापांनी हे सोसलं. १८७३ मध्ये पानदुऱ्याच्या जाहीर वादात मिगेट्टुवत्ते गुणानंद भिक्खूंनी पाद्र्यांना निरुत्तर केलं, पण वाद जिंकल्यानं शाळा उभ्या राहत नाहीत. त्या वादाचा वृत्तान्त वाचून अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट १८८० मध्ये गॉलला उतरले आणि त्यांनी स्थापन केलेल्या बौद्ध थिऑसॉफिकल सोसायटीनं शाळांचं काम अंगावर घेतलं. १८८७ मध्ये कँडीत धर्मराज आणि १८९२ मध्ये गॉलला महिंद, अशी रांग लागली. मुलींसाठी संघमित्ता शाळा निघायला मात्र आनंदनंतर आणखी काही वर्षं जावी लागली. आधी मुलगे, मग मुली हा क्रम बौद्धांनीही मोडला नाही. धम्माच्या नावानं चाललेल्या कामात ही उणीव मला जास्त खटकते.

या शाळांनी ज्यांच्याशी झुंज दिली, त्यांचीच हत्यारं उचलली. पाद्र्यांची प्रश्नोत्तरी होती, म्हणून ऑल्कॉटनी १८८१ मध्ये बौद्ध प्रश्नोत्तरी लिहिली. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीत फडकणारा पंचशील ध्वजही याच लोकांचा. कोलंबोतल्या समितीनं तो १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा उभारला. हाउस, प्रीफेक्ट, क्रिकेटचा वार्षिक सामना हे तर सरळ इंग्रजांचं. काही अभ्यासक याला प्रोटेस्टंट वळणाचा बौद्ध धर्म म्हणतात आणि त्यात थोडा हिणवण्याचा सूर असतो. मला तो पटत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्यानं समोर दिसेल ते साधन घ्यायचं नाही तर काय करायचं?

शाळेतला दिवस आजही सकाळच्या पंचशीलानं सुरू होतो. पांढरा सदरा, खालच्या वर्गांत पांढरी अर्धी चड्डी आणि वरच्या वर्गांत पांढरी पूर्ण विजार. वैशाख जवळ आला की बांबूच्या कामट्या आणि पातळ रंगीत कागदांचे आकाशकंदील बनतात, भक्तिगीतांच्या तालमी चालतात. गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि संध्याकाळी मैदानावर बॅट हातात घ्यायची, यात मुलांना विसंगती वाटत नाही. १९८२ मध्ये श्रीलंकेच्या पहिल्याच कसोटीत देशाचं पहिलं अर्धशतक काढणारा अर्जुन रणतुंग तेव्हा अठरा वर्षांचा, आनंदचाच विद्यार्थी होता. नालंदा या शाळेबरोबरचा क्रिकेट सामना असला की जुने विद्यार्थी बँडच्या तालावर शहरभर नाचत फिरतात.

शाळेला खरं रूप दिलं ते पी. द एस. कुलरत्न यांनी. १९१८ मध्ये मुख्याध्यापक झाले तेव्हा त्यांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. ते स्वतः मेथडिस्ट शाळेत शिकून लंडनला जाऊन आले होते. त्यांनी कोटपाटलून टाकून देशी पोशाख धरला, सिंहली भाषेला आणि बौद्ध इतिहासाला अभ्यासक्रमात मान दिला. त्यांच्या काळात इथे शिकवायला आलेल्या जॉर्ज पीरिस मललसेकर यांनी जॉर्ज टाकून गुणपाल हे नाव घेतलं. हेच पुढे नालंदाचे पहिले मुख्याध्यापक आणि पाली विशेषनामांच्या कोशाचे कर्ते. १९५० मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते.

याच काळातली आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. कुलरत्नांच्या हाताखाली उपमुख्याध्यापक म्हणून चेल्लप्पा सुंदरलिंगम यांनी काम केलं. ते तमिळ हिंदू, गणिताचे पंडित. पुढे झाहिरा कॉलेज नावारूपाला आणणारे टी. बी. जाया हे मुस्लिम शिक्षकही काही काळ आनंदमध्ये होते. बौद्धांच्या स्वाभिमानाची शाळा घडत होती आणि ती घडवणाऱ्यांत तमिळ हिंदू होता, मुसलमानही होता. त्यामुळे शाळेचं बौद्धपण तसूभरही कमी झालं नाही.

मग १९५६ आलं. फक्त सिंहली हीच राजभाषा, असा कायदा झाला. तो आणणारे पंतप्रधान बंडारनायके सेंट थॉमस या ख्रिस्ती शाळेचे, हे विसरू नये. पण ज्यांच्या मनाला तो कायदा न्याय्य वाटला, ती पिढी बौद्ध शाळांच्या वर्गांत घडली होती. वेगळ्या तमिळ राज्याची मागणी उघड मांडणाऱ्या पहिल्या काही नेत्यांमध्ये हेच सुंदरलिंगम होते. २००९ मध्ये तमिळ बंडखोरांविरुद्धच्या यादवी युद्धाचा शेवट झाला तेव्हाचे संरक्षण सचिव गोटाबाय राजपक्ष आणि लष्करप्रमुख सरत फोन्सेका हे दोघेही आनंदचे माजी विद्यार्थी. यादवी शाळेनं घडवली असं मी म्हणणार नाही. तिची कारणं जमीन, भाषा, नोकऱ्या आणि राजकारणात आहेत. पण दुबळ्यांच्या हाती ढाल असलेला स्वाभिमान सत्ता आल्यावर वेगळ्या कामी येतो. त्या बदलाकडे शाळेनं वेळीच पाहायला हवं होतं.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं आणि १९५० मध्ये औरंगाबादला नागसेनवनात मिलिंद. धम्मदीक्षेला अजून काही वर्षं होती, तरी नावं बौद्ध होती. दारं मात्र सगळ्यांना उघडी. म. भि. चिटणीस जन्मानं दलित समाजातले नव्हते आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. आनंदच्या कुलरत्न-काळाशी हे जुळतं. फरक एवढाच की आपल्याकडे बौद्ध कधी सत्ताधारी बहुसंख्य नव्हते, त्यामुळे सत्तेची ही कसोटी आपली अजून लागलेली नाही.

सरकारनं १९६१ च्या सुमारास आनंद ताब्यात घेतलं. अशा शाळांच्या प्रवेशात ताबा घेतला त्या वेळचं धर्मवार प्रमाण आजही विचारात घेतलं जातं. नियमाचा हेतू चांगला असेल, पण त्यानं एका वर्षाचा समाज कायमचा गोठवला. त्यातच माध्यम मुख्यतः सिंहली, म्हणून तमिळ मूल तिथे फारसं पोचत नाही, आणि सिंहली मुलगा तमिळ वर्गमित्राशिवाय तेरा वर्षं काढतो. तमिळ ही दुसरी भाषा म्हणून अभ्यासक्रमात आली आहे. ती शिकवणारे पुरेसे तमिळ शिक्षक प्रत्येक सिंहली शाळेत नेमले, तर सुंदरलिंगम यांच्यानंतर तुटलेला धागा निदान शिक्षकांच्या खोलीत तरी पुन्हा जोडता येईल.